आईवर वार कोण करणार?

मी केलेल्या पत्त्यांच्या खेळात पहिल्यांदा जे बिघडलं ते असं, की आईवर वार करायला कुणी धजेना. खेळ मारामारीचा होता. परग्रहावरचे पैलवान आखाड्यात उतरतात, एकमेकांना लोळवतात, आणि कोण कुणाच्या बाजूने लढतंय हे मात्र शेवटपर्यंत कुणालाच माहीत नसतं. पण रविवारी दुपारी जेवणं उरकून आमच्या कोपरखैरण्याच्या घरात आम्ही पाच जण सतरंजीवर बसलो, की चौघं एकमेकांना बुकलून काढायचे आणि आई अंगाला माती न लागता जिंकायची. मी वेडी, मला वाटायचं माझ्या नियमातच खोट आहे.

खेळ करायचं खूळ कुठून शिरलं तेही सांगते. मी तुर्भ्याला एका छापखान्यात खोक्यांची डिझाइनं करते. औषधांची, मिठाईची, अगरबत्तीची. खोकं कुठे दुमडायचं, कुठे चिकटवायचं, झाकण उघडताना फाटू नये म्हणून काय करायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं डिझाइन म्हणजे रंग. रंग सगळ्यात शेवटी येतात. एकदा एका गिऱ्हाइकाच्या पत्त्यांच्या खेळाचं काम आलं. प्रूफ तपासताना मी नियम वाचले आणि माझं डोकंच फिरलं. पत्ता उचला, दोन घरं पुढे जा, पत्ता उचला, तीन घरं मागे या. जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यांदा म्हणाले, "याच्यापेक्षा बरा खेळ मी झोपेत करीन." कटिंग मशीनवरचा माणूस डब्यातून मान वर न करता म्हणाला, "करा की मग." मला कुणी 'करा की मग' म्हटलं की संपलंच. याच तीन शब्दांपायी लहानपणी मी शेजाऱ्यांच्या पेरूच्या झाडावरून पडले होते.

पैलवान परग्रहावरचेच का? कारण माणसं काढली असती तर कुणीतरी म्हणालं असतं, हा आमच्यासारखा दिसतो, हिचं नाक अमुक लोकांसारखं काढलंय. परग्रहवाल्यांच्या भावना दुखावत नाहीत. आणि आखाडा का, तर आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. गावच्या जत्रेतली कुस्ती सोडून दुसरी कुठली झुंज मी समोर बसून पाहिलेलीच नाही. म्हणून माझ्या ग्रहावर तांबडी माती आली, हलगी आली आणि जिंकणाऱ्याला फेटा आला. पैलवान पाच. सहाहात्या, तीनतोंड्या, पाय नसलेला लोळ्या, काचेच्या पोटाचा काचपोट्या, आणि त्यांच्यात एकटी बाई, शिंगीण. चित्रं आईला दाखवली तर ती चष्मा वर-खाली करून म्हणाली, "ह्ये पैलवान हायेत व्हय? आन् खुराक काय खात्यात?" काचपोट्याच्या पोटात मी बदाम काढले होते ते दाखवले, तेव्हा तिचं समाधान झालं.

नियम असे. प्रत्येकासमोर एक पैलवान उघडा पडलेला असतो, तो सगळ्यांना दिसतो. पण प्रत्येकाच्या हातात एक झाकलेला पत्ताही असतो आणि तो कुणाला दाखवायचा नाही. दोन पत्ते तांबड्या तालमीचे, दोन निळ्या तालमीचे, आणि एक मोकाट. समोरची तालीम आडवी केली की तुमची तालीम जिंकली. मोकाट कुणाचाच नसतो. दोन्ही तालमींनी एकमेकींना संपवावं आणि आपण शेवटी उभं राहावं, एवढंच त्याला हवं असतं. आपण कोण हे सांगायचं नाही, खोटं बोललं तरी चालतं, पाळी आली की कुणावर तरी वार करायचा, आणि आपल्या जखमा ज्याने त्याने मनात मोजायच्या. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, म्हणून मी खेळाचं नावच 'झाकली मूठ' ठेवलं.

खेळायला हक्काची माणसं म्हणजे घरचीच. आई, मी, दादा, वहिनी आणि शेजारच्या काकू. दादा उरणकडे बंदराजवळच्या एका कंपनीत आहे, वहिनी वाशीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. दोघं नेरूळला भाड्याने राहायचे आणि उलव्याच्या नव्या फ्लॅटचा ताबा कधी मिळतो याची वाट बघत होते. काकू मराठवाड्यातल्या. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा आणि आईचा दारापुढचा बसायचा ओटा एकच. बाबा वाशीच्या फळबाजारात माथाडी होते, त्यांच्यामुळे हे घर मिळालं. जागा बोटभर. आमच्या गल्लीतली सगळी घरं तशीच, भिंतीला भिंत लावून उभी. बाबा जाऊन काही वर्षं झाली. घरात उरलो मी आणि आई. माझं लग्न झालेलं नाही. झालं नाही म्हणजे मी केलं नाही, पण हे वाक्य लोकांना पूर्ण ऐकायचं नसतं.

त्या दिवसांत खरा सामना सतरंजीवर नव्हताच. तो जेवतानाच सुरू व्हायचा. उलव्याचा फ्लॅट तयार झाला की आईने तिकडे राहायला यावं, असं दादाचं म्हणणं. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, गॅलरीतून विमानतळ दिसतो, तिच्यासाठी वेगळी खोली आहे. "इकडे त्या जिन्यावरून पडली बिडली तर? टेन्शन नको मला," तो म्हणायचा. मी म्हणायचे, तिचं सगळं जग या गल्लीत आहे. तिचं भजनी मंडळ इथे, भाजीवाली इथे, काकू इथे. उलव्याला जाऊन ती काय विमानं मोजत बसेल? आमचे आवाज चढायचे. वहिनी ताटं उचलायच्या निमित्ताने आत जायची. आणि आई भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणायची, "तुमी म्हनाल तसं." मी याचा अर्थ असा लावायचे, की तिला इथेच राहायचंय पण मुलाचं मन मोडवत नाही. दादा याच वाक्याचा अर्थ असा लावायचा, की तिला यायचंय पण मुलीला एकटं टाकवत नाही. माझ्या बोलण्यात माझा स्वतःचा घाबरटपणा किती होता, तेही सांगून टाकते. आई गेली असती तर त्या घरात मी एकटी उरले असते, आणि मला ते नको होतं.

ताटं उचलली की सतरंजी. पहिल्याच रविवारी आईकडे मोकाट आला आणि ती जिंकली. पुढच्या रविवारी निळी तालीम आली, ती जिंकली. मग पुन्हा मोकाट, पुन्हा तीच. खेळताना तिचा चेहरा असा, की समोर पैलवान नाही, निवडायला तांदूळ आहेत. कुणी विचारलं, "आई, तुम्ही तांबड्या ना?" तर उत्तर ठरलेलं, "तुमी म्हनाल तसं." काकूंचा खेळ वेगळा. त्यांच्याकडे कुठलाही पत्ता येवो, त्या दादालाच मारायच्या. त्याने लहानपणी चेंडूने त्यांच्या खिडकीची काच फोडली होती. दादा मला मारायचा, कारण मी बहीण. मी त्याला मारायचे, कारण तो फ्लॅटचं बोलायचा. वहिनी बिचारी कुणालाही मारण्याआधी "सॉरी हं" म्हणायची.

मी घरी बसून मोकाटाची ताकद कमी केली. तरी आईच जिंकली. मग मोकाटाला सुरुवातीलाच एक जखम देऊन टाकली. आईच जिंकली. मग मोकाटावरचा प्रत्येक वार दुप्पट लागेल असा नियम केला आणि पत्ते पुन्हा कापले. छापखान्यात जाड पुठ्ठ्याच्या कडा उरतात, त्यातून मी पत्ते कापायचे. त्या महिनाभरात इतके कापले की कटिंगवाला म्हणाला, "मॅडम, पैलवान लय मरतात तुमचे."

शेवटी छापखान्यातल्या चौघांना जेवणाच्या सुट्टीत बसवलं, पाचवी मी बसले आणि खेळ लावला. तिथे मोकाट पहिल्या फेरीतच मेला. पुन्हा वाटले, पुन्हा मेला. माणसं बदलली, तरी तो मोकाट काही दुसरी फेरी बघेना. चौघंही माझ्याकडे बघायला लागले. एक म्हणाला, "हा काय मरायलाच बनवलाय का?" घरी अजिंक्य असलेला पैलवान तुर्भ्याला येऊन असा लोळतो कसा? दुपारभर मी अगरबत्तीच्या खोक्यावर काम करत होते आणि डोक्यात सतरंजी होती. रविवारचे सगळे डाव मी मनातल्या मनात पुन्हा खेळून बघितले. कुणी कुणाला मारलं, कसं मारलं. आणि मला हसायलाच आलं. इतक्या रविवारांत आईवर एकही वार झाला नव्हता. एकही नाही. मी नियमांना पाना लावत बसले होते आणि बिघाड आमच्या संस्कारात होता.

रविवारी मी सगळ्यांना फैलावर घेतलं. "हा खेळ आहे. इथे आई नाही, इथे शिंगीण आहे. जिला मारायचं तिला मारायचं." दादा म्हणाला, "अगं पण आईवर हात कसा उचलायचा?" हात कुठे, पत्ता उचलायचा होता. पण त्याला ते पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वहिनीची पाळी आली. मी डोळे वटारून बसले होते. तिने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि आईला विचारलं, "आई, मारू का?" आई म्हणाली, "मार की." तर ही म्हणते, "नको, राहू दे," आणि तिने आपल्याच नवऱ्याला मारलं. काकू म्हणाल्या, "बरं केलंस, पोरी."

मग मी नाती बंद करून बघितली. टेबलावर, म्हणजे सतरंजीवर, फक्त पैलवानांची नावं घ्यायची. तेही चालेना. दादा आईला "ए शिंगीण" म्हणायला गेला आणि 'ए'वरच थांबला. "अहो शिंगीणबाई" म्हणाला शेवटी. वहिनी हसून हसून आडवी झाली. खेळ राहिला बाजूला.

तोडगा मला बाजारातून सुचला. मी लहान असताना बाबा मला कधी कधी फळबाजारात न्यायचे. तिथे तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून सौदा करायचे. भोवती पन्नास माणसं असली तरी त्यांना नुसता रुमाल हललेला दिसायचा. कुणी किती मागितले, कुणी किती दिले, काही कळायचं नाही, त्यामुळे कुणाला कुणाची भीड नसायची. मी ठरवलं, वार असाच करायचा. प्रत्येकाला पाचही पैलवानांच्या चित्रांचे छोटे पत्ते द्यायचे. ज्याला मारायचं त्याचं चित्र निवडून पालथं करून कापडाखाली सरकवायचं. मग एकाने कापडावरूनच सगळे पत्ते कालवायचे आणि कापड काढायचं. वार दिसणार, वार करणारा नाही. मोकाटाची काढून घेतलेली ताकदही मी त्याला परत दिली.

पुढच्या रविवारी दोरीवरचा पंचा आणला, सतरंजीच्या मध्ये पसरला. आईसमोर त्या दिवशीही शिंगीण होती. सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने पत्ते सरकवले. काकूंनी पंच्यावरून खसाखसा हात फिरवला. मी पंचा उचलला आणि एकेक पत्ता उलटा केला. पहिला, शिंगीण. दुसरा, शिंगीण. तिसरा, शिंगीण. चौथा मी सावकाश उलटला. तोही शिंगीण. पाचवा दादासमोरचा लोळ्या निघाला, म्हणजे तो आईचा, कारण स्वतःवर वार कोण करणार?

वहिनी एकदम म्हणाली, "मी नाही हं." चार वार होते आणि आम्ही चौघंच होतो. दादाला खोकला आला. काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी स्वतःशी म्हणत होते, मी नियम तपासायला मारलं, पण ते काही खरं नव्हतं. हात मोकळा मिळाला तेव्हा मला तिलाच मारायचं होतं. आठवडाभर ती मला उठता-बसता 'तुमी म्हनाल तसं' म्हणत होती आणि माझा जीव विटला होता.

आईने ते चार पत्ते उचलून नीट एकावर एक ठेवले. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. "आगं बया बया," ती म्हणाली, "येवडं साठलं हुतं व्हय तुमच्या पोटात?" आणि वहिनीकडे बघून, "तुजा कंचा गं ह्यातला? जोरात बसला बग." वहिनी चहा ठेवायला म्हणून पळाली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिचं तसं हसणं आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसानंतर खेळ सुधारला आणि आई हरायला लागली. हरलेली तिला मुळीच आवडायची नाही. "ह्यो डाव कच्चा. परत वाटा," म्हणायची. वहिनी आता पंच्याखाली पत्ता सरकवताना सासूकडे रोखून बघायची. आई म्हणायची, "बगती काय, मार की." ते बघून मला बरं वाटायचं. उलव्याचा प्रश्न मात्र तसाच होता. आता फ्लॅटचा ताबा मिळाला होता, रंग चालू होता, आणि दादाने आईच्या खोलीचा रंग तिला विचारून ठरवायचा म्हणून रंगाचं कार्ड आणलं होतं. आईने सगळे रंग बघितले आणि म्हणाली, "तुमी म्हनाल तसं."

मला वाटलं, आता खेळ परक्यांना दाखवावा. वाशीला एक कॅफे आहे, तिथे कॉफीबरोबर खेळायला खेळ देतात, आणि स्वतः केलेला खेळ कुणी आणला तर तोही मांडू देतात. एका शनिवारी दुपारी मी पत्ते आणि पंचा घेऊन गेले. कॉलेजची पाच मुलं-मुली बसली. मी नियम सांगितले आणि बाजूला स्टुलावर बसले, तोंड बंद ठेवून. माझ्यासारखीला ते सोपं नाही. पण खेळ चालला. पंचा उचलला की आरडाओरडा व्हायचा. मोकाट कधी जिंकायचा, कधी मरायचा, जसं व्हायला हवं तसं. मी मनातून हवेत होते.

तिसऱ्या डावाला त्यांचा एक मित्र उशिरा आला आणि एकाच्या जागी बसला. त्याला त्यांच्यातली एक मुलगी समजावून सांगत होती, "तुला सिक्रेट सांगते. जो बोलतो ना, 'मला काय पण चालेल, तुमी ठरवा', त्याला पयला उडवायचा. मोकाट त्याच्याकडेच असतो."

"कशावरून?" मित्राने विचारलं.

"अरे, ज्याला कुठल्यातरी एका साइडला जायचं असतं तो भांडतो. ज्याला दोन्ही नको असतात तोच असा गप्प बसतो ना."

ती एवढं बोलून खेळायला लागली. मी मात्र स्टुलावरून उठले आणि उगाच पाणी प्यायला गेले. बसमध्ये बसल्यावरही तेच वाक्य डोक्यात. मोकाट हातात असताना आई जे म्हणायची तेच ती जेवताना म्हणायची, त्याच आवाजात, फक्त हातात पत्त्याऐवजी भाकरीचा तुकडा. आणि मी आणि दादा गेले कितीतरी महिने तिच्या वतीने भांडत होतो. तिला आम्ही दोनच गोष्टी विचारल्या होत्या. खरं तर विचारल्याही नव्हत्या, सांगितल्या होत्या. कोपरखैरण्याला उतरले तेव्हा मला घरी जायची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादा आला तोच घाईत. रंग झाला, पुढच्या महिन्यात सामान हलवायचं, आईचं कपाट आधी नेऊ म्हणजे तिला लावून घेता येईल. मी नेहमीसारखी मध्ये पडले नाही, त्यामुळे तो स्वतःच अडखळला. "तू काही बोलत नाहीस?" म्हणाला. आईने भाजी वाढता वाढता म्हटलं, "तुमी म्हनाल तसं."

मी म्हणाले, "आम्ही काही म्हणत नाही आज. आई, तुला दादाकडे जायचंय?"

ती भाजी वाढत राहिली. दादा म्हणाला, "असं काय विचारतेस तिला?"

"तू थांब. आई, जायचंय?"

आईने पळी भांड्यात ठेवली. "न्हाई," ती म्हणाली.

मला आत कुठेतरी जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. दादाचा चेहरा उतरला होता. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, असं नंतर बरेच दिवस वाटलं. पण मी पुढचं विचारलं. "मग इथे माझ्याजवळ राहायचंय?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "न्हाई," ती म्हणाली.

वहिनी मीठ वाढत होती, तिचा हात तसाच राहिला.

"मला एकटीला ऱ्हायचंय," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "लगीन झालं तवा सासरी चौदा मान्सं. हितं आले तर गावाकडची पोरं जेवायला. धा-धा जनांच्या भाकरी थापल्या ह्या घरात. मंग तुमी झालासा. मंग त्येंचं दुकनं. मंग तू. एक दिस बी ह्या घरात मी एकटी निजले न्हाई. एकदा बगायचं हाय मला, कसं वाटतंय."

दादा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? दोन-दोन मुलं असताना आई एकटी?"

"लोकान्ला सांग, म्हातारी खुळी झाली."

"आणि काही झालं तर?"

"काकी हाय की भितीला भित लावून. हाक मारली की येती." आणि मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "तुजा काय तरास हाय आसं न्हाई पोरी. पन तू यायच्या टायमाला मी च्या ठिवती, तू जायच्या टायमाला डबा करती. मला न्हाई करायचं आता."

मी म्हणाले, "मी कधी सांगितलं डबा कर म्हणून? म्हणजे मी जाऊ?"

"जा की," आई म्हणाली. "ल्हान हायेस का आता?"

मी रागाने ताटावरून उठले. वर गच्चीत जाऊन रडले. इतके दिवस मी दादाशी कुणासाठी भांडत होते? आम्ही दोघी एका तालमीच्या आहोत असं मी धरून चालले होते. दादा मागून आला, शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "आपण दोघं हरलो यार." मला त्याचं बोलणं आवडलं नाही आणि त्याचं तिथे उभं राहणं आवडलं. खाली आई आणि वहिनी भांडी घासत होत्या. वहिनी आईला काहीतरी विचारत होती आणि आई भरभर बोलत होती. मी तिला इतकं सलग बोलताना फार क्वचित ऐकलं आहे.

पंधरवडाभर मी आईशी कामापुरतंच बोलले. तिला त्याचा त्रास झालेला दिसला नाही. मग वाशीला एक खोली बघितली, ऑफिसच्या बसच्या रस्त्यावर. आईने माझं सामान बांधायला मदत केली, नको इतकी मदत केली. डबे, तवा, दोन चादरी, लिंबाचं लोणचं. माझं कपाट ओढून दाराशी आणताना ती एकदाही दमली नाही. मला वाटत होतं, निदान निघताना तिचे डोळे भरतील. रिक्षा दाराशी आली तेव्हा तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, केसांत अडकलेला कागदाचा कपटा काढला, आणि म्हणाली, "किल्ली ठिवून जा."

मी म्हणाले, "कशाला? असू दे माझ्याकडे. अडीअडचणीला."

"एक काकीकडं हाय. तू येशील तवा मी उगडीन की."

मी किल्ली जुडग्यातून काढायला लागले. रिंग घट्ट होती, नख तुटलं. रिक्षावाला हॉर्न देत होता. किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि मागे न बघता बसले.

रविवारी खेळायला सगळे जमणार होते. मी पत्ते घेऊन सगळ्यांच्या आधी पोहोचले, दादा-वहिनी यायचे होते, काकूही ओट्यावर नव्हत्या. आमच्या गल्लीत दिवसा दारं उघडी असतात. आमचं बंद होतं. त्या घराची बेल मी कधी वाजवली नव्हती, तिचा आवाज बाहेरून कसा येतो तेही मला माहीत नव्हतं. वाजवली.

"कोन?" आतून आई म्हणाली.

"मी."

"थांब जरा. येती."

घाई नव्हती तिच्या आवाजात. आत पेला ठेवल्याचा आवाज आला. मग कुठलातरी अभंग ती स्वतःशीच गुणगुणत होती, तो ओळ पूर्ण होईपर्यंत चालू राहिला. माझ्या हातातलं खोकं जड नव्हतं तरी मी ते या हातातून त्या हातात घेतलं. मला पुन्हा रडू येत होतं आणि मला तिचा हेवाही वाटत होता. मी पुन्हा बेल दाबली नाही.